जुन्या डेस्कटॉपची रॅम वाढवताना

नमस्कार. टेबलावर उघडून ठेवलेल्या या कॅबिनेटमध्ये इंटेलच्या एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, तिसऱ्या पिढीचा आय३ प्रोसेसर आणि ४ जीबीची एकच रॅम आहे. ब्राउझरमध्ये सात-आठ टॅब उघडले की हा संगणक अडखळतो, कारण रॅम अपुरी पडल्यावर विंडोज त्यातला काही डेटा हार्ड डिस्कवर हलवते आणि तिथून तो परत आणायला फार वेळ जातो.

या मदरबोर्डवर दोन स्लॉट आहेत आणि त्यात एकूण १६ जीबीपर्यंत डीडीआर३ या पिढीची रॅम बसते. घरगुती कामासाठी मात्र आणखी ४ जीबी पुरेशी आहे, असे माझे मत आहे. तुमची विंडोज ३२ बिटची असेल, तर ती ४ जीबीपलीकडची रॅम वापरणारच नाही, हे आधी तपासा.

आता रॅमच्या पिनांच्या कडेवरची ही खाच जवळून पाहा. डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्हींना २४० पिनाच असतात, लांबीही सारखीच असते, पण खाचेची जागा वेगळी असते. त्यामुळे रॅम सहज बसत नसेल तर जोर लावू नका. खरेदी करताना आणखी एक काळजी घ्या. डीडीआर३च्या काही स्वस्त रॅम केवळ एएमडीच्या मदरबोर्डवर चालतात. मी एकदा किंमत पाहून अशीच रॅम घेतली आणि इंटेलच्या मदरबोर्डवर डिस्प्लेच आला नाही.

बसवण्यापूर्वी वायर सॉकेटमधून काढा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल. स्लॉटच्या क्लिपा उघडून, खाच जुळवून, रॅमची दोन्ही टोके अंगठ्यांनी सरळ खाली दाबा. क्लिपा 'टक्' आवाज करून आपोआप बंद झाल्या पाहिजेत. दोन्ही स्लॉट भरल्यामुळे आता ड्युअल चॅनेलही मिळते, म्हणजे प्रोसेसर दोन्ही रॅम एकाच वेळी वापरू शकतो, आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या अशा संगणकाला त्याचा चांगला उपयोग होतो.

सुरू केल्यावर नुसतेच बीप ऐकू आले, तर वीज पुन्हा तोडून रॅम काढा, तिच्या सोनेरी पिना मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि पुन्हा बसवा. टास्क मॅनेजरमध्ये ८ जीबी दिसल्यावर विंडोजची मेमरी डायग्नोस्टिक चाचणी एकदा पूर्ण होऊ द्या आणि मगच कॅबिनेटचे झाकण लावा.