रहस्य कळल्यानंतरची जादू

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने एका पत्रात पेले आणि खडे यांच्या हातचलाखीचा उल्लेख केला आहे. या खेळातली फसवणूक निरुपद्रवी असते आणि तीच आनंद देते, मात्र ती कशी होते हे कळले की गोडी संपते, असे त्याचे म्हणणे होते. आजही जादूचे प्रयोग आवडीने पाहणाऱ्या अनेकांचे हेच मत असते. मला ते पूर्णपणे पटत नाही, आणि का पटत नाही ते मी आपल्यापुढे मांडणार आहे.

पेन आणि टेलर ही अमेरिकी जोडी हाच खेळ पारदर्शक पेल्यांनी करून दाखवते. चेंडू कोणत्या हातातून कोणत्या पेल्याखाली सरकतो, हे सारे उघड्यावर घडते. तरीही हातांची लय आणि बोलण्याचा ओघ असा असतो, की पाहणारा मागे पडतो. एरवी पेल्याआड झाकले जाणारे कसब समोर आल्यामुळे इथे मौज कमी होत नाही, उलट वाढते.

पाहणारा मागे पडतो, तो डोळे फसल्यामुळे, असे मात्र समजू नये. गुस्ताव कून आणि मायकेल लँड या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला या बाबतीत फार मोलाचा वाटतो. जादूगार चेंडू दोनदा वर उडवून झेलतो आणि तिसऱ्या वेळी तो हातातच दडवून उडवल्याचा नुसता अभिनय करतो. त्याची नजर काल्पनिक चेंडूमागे वर गेली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश प्रेक्षकांना चेंडू वर जाऊन नाहीसा झाल्याचे दिसले. नजर हातावरच राहिली, तेव्हा तसे सांगणारे सुमारे एक तृतीयांशच होते. याहून नवलाची गोष्ट म्हणजे, डोळ्यांच्या हालचालींची नोंद तपासली असता, चेंडू जिथे ‘नाहीसा’ झाला तिथे बहुतेकांची दृष्टी गेलीच नव्हती. ते दृश्य त्यांच्या अपेक्षेने रचले होते.

कसलेला जादूगार या अपेक्षेवरच काम करतो. प्रेक्षक टक लावून पाहत असताना तो निर्णायक हालचाल सहसा करत नाही. हशा पिकला, एक टप्पा संपल्यासारखे वाटून सभागृह क्षणभर सैलावले, की नेमके तेव्हाच ती उरकलेली असते. रहस्य ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला हा क्षण हेरता येतो, आणि तो किती अचूक साधला हे पाहण्याचे सुख पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या वाट्याला येत नाही.

अर्थात या साऱ्या आनंदाला प्रेक्षकाची संमती लागते. स्वतः आयुष्यभर रंगमंचावर लोकांना चकवणाऱ्या हॅरी हुडिनीने १९२० च्या दशकात, मृतांशी संवाद साधून देतो म्हणणाऱ्यांचे पितळ उघडे पाडण्याचा ध्यास घेतला, प्रसंगी वेषांतर करून त्यांच्या बैठका गाठल्या. शोकात बुडालेल्या माणसाने अशा फसवणुकीला होकार दिलेला नसतो. प्रयोगाला आलेल्या प्रेक्षकाने मात्र तो आनंदाने दिलेला असतो, म्हणून एखादी युक्ती उमगली तरी ती शेजाऱ्याच्या कानात तिथेच सांगू नये, एवढी माझी विनंती आहे. त्याला हवे असेल, तर प्रयोग संपल्यावर तो आपण होऊन विचारील.