आजोबांचं ‘समदं ब्येस हाय’

आज १२ मे, परिचारिका दिन. पुढच्या वर्षी तुम्ही पोरी वॉर्डात उभ्या राहाल, म्हणून सत्काराचं राहू दे, एकाच गोष्टीबद्दल बोलते.

घरी जाताना पेशंटकडून फॉर्म भरून घेतात. सिस्टर नीट बोलल्या का, हाक मारल्यावर आल्या का. असे फॉर्म वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली. साठीपुढची माणसं भरभरून चांगलं लिहितात, पंचविशीतली पोरं हात आखडतात. हे काही कोल्हापूरचंच नाही. अमेरिकेत २००६ पासून दवाखान्यांची देशभर पाहणी होते. तिथंही वयस्कर पेशंट जास्त गुण देतात, म्हणून दवाखान्यांची तुलना करण्याआधी वयाचा हिशेब धरून आकडे दुरुस्त करतात.

म्हणजे म्हाताऱ्यांची सेवा आपण जास्त चांगली करतो? मला तसं वाटत नाही.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. राधानगरीकडचे एक आजोबा होते. दर राऊंडला विचारलं की म्हणायचे, “समदं ब्येस हाय बघ.” एकदा पांघरूण सरकवलं तर हात कोपरापर्यंत सुजलेला, सलाईन शिरेबाहेर चाललेलं. ठणका केव्हापासून होता? पहाटेपासून. मग हाक का नाही मारली? “मगाधरनं नुसती पळायलीयास की पोरी, तुला आणि कशाला तरास?” त्यांनी फॉर्मवर मला पैकीच्या पैकी दिले असते. ते गुण मी कुठल्या तोंडानं घेतले असते?

ज्या माणसानं दवाखान्याला पोचायलाच अर्धा दिवस घालवलेला असतो, त्याला खाट मिळाली हेच मोठं वाटतं. त्यात हात धरून कुणी बोललं की तो भरून पावतो. शिवाय, तक्रार केली तर सिस्टर रागावतील, ही भीती असते. ती ते बोलून दाखवत नाहीत.

तरुणांचं वेगळं. तालमीत खांदा निखळलेल्या एका पोरानं लिहिलं होतं, ‘कसलं इंजेक्शन ते तीनदा विचारलं, कुणी सांगितलं नाही.’ आमच्यातल्या काहीजणी चिडल्या. पण पोरगा बरोबर होता. समजेल असं सांगितलं का, हा त्या अमेरिकेच्या पाहणीतलाही प्रश्न आहे.

आणि फॉर्म कुणी भरला तेही बघत जा. वय ७५ लिहिलेलं असतं, अक्षर मुलाचं असतं, आणि मुलगा रात्री वॉर्डात नसतोच.

म्हणून म्हाताऱ्या माणसाला “बरं आहे का” असं विचारू नका, त्याला उत्तर “व्हय”च येणार. नेमकं विचारा. एका आजींना मी विचारलं, “रात्री बाथरूमला कोण घेऊन गेलं?”

“कोण न्हाई. भिंतीला धरून गेले.”

चार दिवस त्या तशाच जात होत्या. त्याच दुपारी त्यांची खाट आम्ही ड्युटीच्या टेबलाशेजारी आणली.