किल्वा : प्रवाळाचा दगड आणि चुन्याची भट्टी

(दृश्य : होडीतून जवळ येणारा किनारा, डावीकडे किल्ला)

समोर दिसतोय तो गेरेझा किल्ला. पोर्तुगीजांनी १५०५ मध्ये इथे गढी बांधली. आज उभ्या असलेल्या भिंती बहुतांशी नंतरच्या ओमानी अमलातल्या. पूर्व आफ्रिकेत, टांझानियाच्या किनाऱ्यालगतच्या किल्वा किसिवानी बेटावर येणाऱ्याची नजर आधी इथेच जाते. पण ज्या शहरासाठी इथवर यायचं ते किल्ल्याच्या मागे झाडीत आहे आणि किल्ल्याहून कितीतरी जुनं आहे.

दार-ए-सलामहून दक्षिणेला सुमारे ३०० किलोमीटरवर किल्वा मासोको हे गाव लागतं. तिथल्या पुरातत्त्व कचेरीत परवाना काढायचा, वाटाड्या सोबत घ्यायचा आणि मग होडी. निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ विचारून घ्या. ओहोटीला होडी काठापर्यंत लागत नाही, पाण्यातून चालावं लागतं आणि प्रवाळाची कड तळपाय कापते. म्हणून पायात बूट हवेत. मार्च ते मे हे मोठ्या पावसाचे महिने, ते टाळलेले बरे.

(दृश्य : मोठी मशीद, खांबांच्या ओळी)

ही मोठी मशीद. उत्तरेकडचा भाग अकराव्या-बाराव्या शतकातला, लाकडी खांबांवर सपाट छत असलेला. चौदाव्या शतकात सुलतान अल-हसन बिन सुलेमान याने दक्षिणेला तिच्याहून मोठा भाग जोडला, त्यावर घुमट आणि कमानी छतं चढवली. खांब मात्र एकेका अखंड प्रवाळाचे घेतले. ते भार पेलू शकले नाहीत, छत कोसळलं. पंधराव्या शतकात त्या जागी दगड-चुन्यात बांधलेले हे अष्टकोनी खांब आले. आज आपण ज्यांच्यामधून चालतो, ते हेच.

एवढं बांधायला पैसा आला सोन्यातून. झिंबाब्वेच्या पठारावरचं सोनं दक्षिणेला, आजच्या मोझांबिकमधल्या सोफाला बंदरात यायचं आणि त्या व्यापारावर किल्व्याचा ताबा होता. ईशान्येच्या वाऱ्यावर अरबस्तान-गुजरातहून निघालेलं गलबत नैर्ऋत्येचा वारा धरून त्याच मोसमात परतायचं असेल, तर किल्व्याच्या फारसं पुढे जाऊ शकत नसे. त्यामुळे कापड, मणी, चिनी मातीची भांडी इथेच उतरत. १३३१ मध्ये मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता आला तेव्हा त्याला शहर दिसलं ते लाकडाचं. दगडाचं बांधकाम मोजक्यांचंच होतं, बाकीची वस्ती लाकूड-मातीची. ती मातीत मिळाली.

(दृश्य : भिंतीचा दगड, अगदी जवळून)

हा दगड नीट पाहा. यात दोन जाती आहेत. भिंतीत भरलाय तो जमिनीवरच्या जुन्या, मेलेल्या प्रवाळखडकाचा : ओबडधोबड, भोकाभोकांचा. दाराच्या चौकटी आणि मिहराब (मशिदीत मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा) मात्र समुद्रातून ओला कापून आणलेल्या प्रवाळाचे. ओला असताना तो मऊ असतो, पटाशीने सहज कोरता येतो. वाळला की कठीण होतो. म्हणून कोरीवकाम लगेच उरकावं लागे. आणि या खोल्या अरुंद का? छताला तिवराचे वासे. त्यांच्या लांबीने खोलीची रुंदी ठरते, अडीच-तीन मीटर, फार तर थोडी जास्त.

(दृश्य : चुन्याची भट्टी)

आता चुना. किल्व्याची सगळी इमारत या पांढऱ्या भुकटीवर उभी आहे, म्हणून इथे जरा थांबू. ओंडके गोलाकार रचायचे, मध्ये आग घालायला जागा ठेवायची, वर प्रवाळाचे तुकडे. तुकडे फार मोठे घेतले तर आतला गाभा कच्चा राहतो. आग सुमारे ९०० अंशांपर्यंत चढावी लागते. प्रवाळ पांढरा, हलका झाला की त्यावर पाणी. तो फुलतो, फुटतो, गरम होतो. मग ओला ठेवून महिनोन् महिने मुरू द्यायचा. घाई केली तर न विरलेली कणी गिलाव्यात राहते, पुढे ओल लागून फुगते आणि गिलावा फोडपुळीसारखा उडतो.

एक भाग चुना, साधारण तीन भाग वाळू. वाळू गोड्या पाण्याने धुतलेली. खारी वाळू वापरली की मीठ भिंतीत शिरतं. थर पातळ द्यायचे आणि ओले ठेवायचे, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून हळूहळू घट्ट होतो.

अशा भिंतीला सिमेंट लावणं हे दुरुस्तीच्या नावाखाली केलेलं नुकसान आहे. सिमेंट प्रवाळापेक्षा कठीण, ओल बाहेर जाऊ देत नाही. मीठ मग सांध्यातून न येता दगडात साचतं, आणि सिमेंट जागेवर राहून दगडच झिजतो.

(दृश्य : हुसुनी कुब्वा, अष्टकोनी हौद)

गावाच्या पूर्वेला, समुद्रावरच्या कड्यावर हुसुनी कुब्वा, त्याच अल-हसनचा राजवाडा. शंभरावर खोल्या, अंगणं, पायऱ्यांची बैठक आणि हा अष्टकोनी हौद. राजवाडा फार काळ वापरात राहिला नाही.

१५०५ मध्ये फ्रान्सिस्को द आल्मेडाने शहर लुटलं आणि तो पुढे हिंदुस्थानात पहिला पोर्तुगीज व्हाइसरॉय म्हणून आला. त्याचा मुलगा लोरेन्सू १५०८ मध्ये आपल्या चौलच्या लढाईत मारला गेला. अठराव्या शतकात किल्वा पुन्हा सावरलं, ते गुलामांच्या विक्रीवर.

(दृश्य : किनाऱ्यावरची तिवरं, भिंतीतलं झाड)

हे अवशेष १९८१ मध्ये जागतिक वारशात आले, २००४ मध्ये धोक्याच्या यादीत गेले आणि २०१४ मध्ये त्यातून बाहेर पडले. मधल्या काळात चुन्याने डागडुजी झाली आणि लाटांनी पोखरलेल्या काठावर तिवरं लावली गेली. झाडांचं काम मात्र संपत नाही. उंबराच्या जातीचं रोप सांध्यात रुजलं की कोवळं असतानाच काढावं लागतं. मुळं जाड झाल्यावर ओढली तर दगडही सोबत येतो.

फोटोसाठी भिंतीवर चढू नका. माथ्यावरचा चुन्याचा थर एकदा सुटला की पावसाचं पाणी भिंतीच्या पोटात जातं, आणि ती भिंत आतून रिकामी होते.