विषाणू मोजायचा तर आधी पेशी मोजा

नमस्कार, श्रोतेहो.

माणसाला होणारे हर्पीस कुळातले विषाणू नऊ. कांजिण्या आणि नागीण ही दोन्ही दुखणी त्यांतल्या एकाच विषाणूची. हे विषाणू एकदा शरीरात शिरले की जन्मभराचा मुक्काम ठोकतात. लक्षणं जातात, पण विषाणूचा डीएनए काही पेशींच्या केंद्रकात, बहुधा गोल कड्याच्या रूपात, गपगुमान पडून राहतो. म्हणून अहवालात नुसतं 'विषाणू सापडला' असं लिहून भागत नाही. किती पेशींत सापडला आणि एकेका पेशीत किती प्रती होत्या, हे सांगावं लागतं.

त्यासाठी आधी पेशी मोजायच्या. माणसाच्या एका पेशीत सुमारे ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो. म्हणजे ५० नॅनोग्रॅम डीएनए घेतला, तर पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून शोधण्याच्या तंत्राच्या, नळीत साधारण साडेसात हजार पेशींचा ऐवज आला. पण वजनावर विसंबू नये. त्याच नळीत आरपीपी३० सारखं माणसाचं एखादं जनुकही मोजावं. त्याच्या पेशीमागे दोन प्रती असतात, तेव्हा आकड्याला दोनाने भागलं की खरी पेशीसंख्या मिळते.

आता याच कुळातला एपस्टाईन-बार विषाणू घ्या. निरोगी वाहकाच्या रक्तात दहा लाख बी-पेशींमागे (हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) साधारण एक ते पन्नास पेशींतच तो दडलेला असतो. साडेसात हजार पेशी तपासून 'नाही' असं उत्तर आलं, तर त्याचा अर्थ एवढाच की त्या साडेसात हजारांत तो नव्हता. दहा लाख पेशी तपासायच्या तर ६.६ मायक्रोग्रॅम डीएनए लागतो. तो सगळा एका नळीत कोंबला तर पीसीआरची अभिक्रियाच मंदावते. म्हणून अर्ध्या-अर्ध्या मायक्रोग्रॅमचे वाटे करून अनेक नळ्या लावायच्या. आणि नळीत सरासरी एकच प्रत येईल इतका विरळ नमुना असेल, तर शंभरातल्या ३७ नळ्या रिकाम्याच निघतात. हा यंत्राचा दोष नाही, निव्वळ संभाव्यतेचं गणित आहे.

रिअल-टाइम पीसीआर प्रत्येक आवर्तनाला प्रती किती वाढल्या ते बघतो. त्याला मापदंड लागतो, म्हणजे प्रती आधीच ठाऊक असलेला नमुना. त्यासाठी नमाल्वा ही प्रयोगशाळेत वाढवली जाणारी पेशीमालिका सोयीची, कारण तिच्या प्रत्येक पेशीत या विषाणूच्या दोन प्रती गुणसूत्रातच जोडलेल्या आहेत. ३.३ नॅनोग्रॅम नमाल्वा डीएनए म्हणजे पाचशे पेशी, म्हणजेच हजार प्रती. तिथून दहा-दहा पटीने पातळ करत गेलं की प्रत्येक पायरीला ३.३ आवर्तनांचा फरक पडायला हवा. तो ३.६ च्या पुढे गेला तर कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या खाली आली, असं समजून प्रायमर (म्हणजे नक्कल जिथून सुरू होते ते डीएनएचे छोटे तुकडे) आणि डीएनएची शुद्धता तपासावी. रक्त हेपॅरिन या गोठणरोधकाच्या नळीत घेतलेलं असलं, तर गडबड बहुधा तिथेच असते. हेपॅरिन पीसीआरला अडवतं, रक्त ईडीटीए या दुसऱ्या गोठणरोधकाच्या नळीतच घ्यावं. फॉर्मेलिनमधल्या ऊतींत डीएनएचे तुकडे झालेले असतात. तिथे दीडशे बेस-जोड्यांहून लांब लक्ष्य, म्हणजे वाढवायचा डीएनएचा भाग, निवडलं, तर असलेला विषाणूही हुकतो.

याच्या उलट चूक म्हणजे नसलेला विषाणू दिसणं. वाढवून झालेल्या नळीच्या एका थेंबात अब्जावधी प्रती असतात. ती नळी उघडली की हवेतून, हातमोज्यातून, पिपेटमधून त्या पुढच्या नमुन्यात जातात. म्हणून मिश्रण करण्याची खोली वेगळी, वाढवण्याची वेगळी, आणि माणसांची ये-जा एकाच दिशेने. निव्वळ पाण्याची नळी तर हवीच, पण डीएनए काढण्याच्या पहिल्या पायरीपासून एक कोरा नमुनाही सोबत चालवावा. घोळ पुष्कळदा तिथेच सापडतो.

पीसीआर सरासरी सांगतो, पेशी दाखवत नाही. ते काम फिशचं, म्हणजे चमकत्या प्रोबने (विषाणूच्या डीएनएला चिकटणाऱ्या तुकड्याने) काचपट्टीवर डीएनए शोधण्याच्या पद्धतीचं. पेशी तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग ॲसेटिक ॲसिडमध्ये स्थिर करायच्या, ७० टक्के फॉर्मामाइडमध्ये ७२-७३ अंश सेल्सिअसला दोन-तीन मिनिटं ठेवून डीएनएचे धागे विलग करायचे आणि प्रोब घालून रात्रभर ३७ अंशांवर दमट डब्यात ठेवायचं. उष्णता जास्त झाली तर केंद्रकं फुगून धूसर दिसतात. आच्छादन-काचेची कड नीट बंद नसली तर प्रोब सुकतो आणि सगळीकडे ठिपकेच ठिपके उठतात, त्यांतला खरा कोणता ते कळत नाही. काम नीट जमलं की निळ्या केंद्रकात विषाणूचे ठिपके स्वच्छ मोजता येतात.

या सगळ्याची खरी कसोटी लागते ती हर्पीस-६ विषाणूपाशी. त्याच्या टोकांना माणसाच्या गुणसूत्राच्या टोकांसारखीच टीटीएजीजीजी ही डीएनएच्या अक्षरांची पुनरावृत्ती असते, त्यामुळे तो तिथे जोडला जाऊ शकतो. साधारण शंभरात एका माणसाला तो आई किंवा वडिलांकडून वारशानेच मिळतो, आणि मग केंद्रक असलेल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत त्याची एक प्रत असते. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये चाळीस लाख ते एक कोटी दहा लाख पांढऱ्या पेशी असतात, तेव्हा अशा माणसाच्या अहवालात विषाणूचा आकडाही लाखांच्या घरात येतो. फुटलेल्या पेशींमुळे प्लाझ्माही पॉझिटिव्ह येतो. आजार नसताना संसर्ग उफाळला असं वाटतं आणि अस्थिमज्जेला त्रास देणारं गॅन्सिक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू होतं. आकडा मात्र तसूभर हलत नाही.

इथे डिजिटल पीसीआर उपयोगी पडतो. २० मायक्रोलिटर मिश्रणाचे सुमारे २० हजार थेंब करायचे आणि उजळलेले, म्हणजे लक्ष्य असलेले, थेंब मोजायचे. मापदंडाची वक्ररेषा लागत नाही. आधी डीएनए रिस्ट्रिक्शन एन्झाइमने, म्हणजे ठरावीक जागी कापणाऱ्या एन्झाइमने, कापून घ्यावा, म्हणजे लांब धाग्यांमुळे थेंब बिघडत नाहीत. मात्र ते एन्झाइम आपल्या लक्ष्यभागात कापणारं नको. समजा आरपीपी३० च्या १५,००० प्रती आल्या आणि विषाणूच्या ७,४००, तर पेशीमागे प्रत एक. हा वारसाच, कारण संसर्गात गुणोत्तर असं नेमकं एकापाशी येऊन थांबत नाही.

अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या रुग्णात आणखी एक पायरी हवी. डोक्याचे दोन-चार केस मुळासकट घेऊन त्यांचाही डीएनए तपासायचा. रक्तात पेशीमागे एक आणि केसांच्या मुळांत जवळपास शून्य आलं, तर तो डीएनए दात्याच्या पेशींबरोबर आलेला असतो. साठवून ठेवलेला दात्याचा नमुना त्याच प्लेटवर लावून हे पक्कं करून घ्यावं, आणि अहवालात गुणोत्तर, तपासलेल्या पेशींची संख्या आणि नमुना कशाचा होता, या तिन्ही गोष्टी लिहाव्यात.