माणिक आणि तामडा

श्रोतेहो, नमस्कार. माणिक आणि तामडा हे दोन्ही खडे लाल आहेत, दोन्ही चकाकतात, आणि अंगठीत बसले की घरातल्या जाणत्या माणसालाही चकवतात. माणिक हा कुरुंदाचा प्रकार आहे. धार लावण्यासाठी वापरतात तोच कुरुंद, परंतु क्रोमियमचा अंश मिसळल्याने लाल झालेला. तामडा म्हणजे गार्नेट. मोहस् या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली मांडलेल्या काठिण्यश्रेणीत, म्हणजे जितका आकडा मोठा तितका खडा कठीण अशा क्रमवारीत, माणिक ९ वर येते, तर तामडा ७ ते साडेसातवर. हे आकडे ध्यानात असू द्यावेत: माणिक ९, तामडा ७ ते साडेसात.

आता माझ्या फजितीची गोष्ट सांगतो. बेळगावात मी अनेक वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. आईच्या अंगठीतला खडा हलू लागला, म्हणून शहापुरातील एका वयोवृद्ध सराफांकडे ती घेऊन गेलो. आमच्या घरी त्या खड्याला सर्व जण माणिकच म्हणत. सराफांनी तो कोंदणातून काढला आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. त्यांच्या काट्यावर खडा भरला ६ कॅरट. दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून तोलला, तेव्हा साडेचार कॅरट. पाण्यात घटलेले वजन दीड कॅरट, आणि सहाला दीडने भागले की चार. माणिकाचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट वजन, साधारण ४ असते, त्यामुळे दुकानातल्या गिऱ्हाइकांदेखत मी निकाल देऊन टाकला.

सराफ हसले नाहीत. त्यांनी बोटाएवढी एक नळी काढली, तिच्यासमोर खडा धरून सावकाश फिरवला आणि म्हणाले, "तामडा आहे की हो सर हा!" त्या नळीत शेजारी शेजारी दोन चौकटी दिसतात. माणिकातून प्रकाश दोन वाटांनी जातो, म्हणून खडा फिरवताना एक चौकट जांभळट लाल आणि दुसरी नारिंगीकडे झुकणारी दिसते. तामड्यात प्रकाश एकाच वाटेने जातो आणि दोन्ही चौकटी एकाच रंगाच्या राहतात. माझ्या वजनात चूक नव्हती. लोहाचे प्रमाण अधिक असलेल्या तामड्याचे विशिष्ट गुरुत्वही ४ च्या आसपास भरते, म्हणून या जोडीत पाण्याचा काटा निवाडा करू शकत नाही.

मग त्यांनी विचारले, "आई भांडी कशानं घासायच्या?" मी म्हटले, राखेने आणि मातीने, तीही अंगठी बोटात ठेवूनच. त्यांनी भिंग पुढे केले. पैलूंच्या कडा वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या. मातीतल्या वाळूत क्वार्ट्‌झ असते, त्याचे काठिण्य ७. तेवढ्याने माणिकाची कड झिजत नाही. तामड्याची मात्र वर्षानुवर्षांच्या घासण्याने झिजते. उत्तर खड्यावरच लिहिलेले होते आणि मी पाण्यात शोधत होतो.

पावतीवर खड्याचे नाव स्पष्ट लिहून घ्यावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. मात्र नळीत दोन रंग दिसले, तरी एक प्रश्न उरतो. व्हर्नुई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली जाहीर केलेल्या पद्धतीने ज्वालेत माणिक तयार करता येते, आणि त्याचे काठिण्य, गुरुत्व, दोन रंग हे सारे खाणीतल्या माणिकासारखेच असते. तेथे पुन्हा भिंगच घ्यावे लागते: आतल्या वाढीच्या रेषा वळणदार दिसल्या, तर तो खडा ज्वालेत घडलेला आहे.