मोडायला गेलं तर?

(दृश्य: दादर पश्चिम, रानडे रोड. लग्नसराईची गर्दी.)

सराफाच्या ट्रेमध्ये हिऱ्याच्या दोन अंगठ्या आहेत. खडा त्याच आकाराचा, झळाळी तीच. लॅबमध्ये वाढवलेल्या हिऱ्याची किंमत हजारांत, खाणीतल्याची लाखांत. मुलगी म्हणते, "आई, लॅबमधला घेऊया ना, केवढा मोठा येतोय!" आई म्हणते, "अगं, पण पुढेमागे मोडायला गेलं तर?"

नेमका प्रश्न आईने विचारलाय. कारण खरा-खोटा हा वाद इथे लागूच पडत नाही. लॅबमधला हिराही शुद्ध कार्बनच, तितकाच कठीण. दुकानातलं पेनासारखं टेस्टर दोन्हींना हिराच ठरवतं. खड्यातून उष्णता किती झपाट्याने वाहते, एवढंच ते बघतं.

(दृश्य: सुरत. कारखान्यातल्या यंत्राच्या काचेआड जांभळट उजेड.)

हिऱ्याची पातळ चकती बंद भांड्यात ठेवतात. आत मिथेन आणि हायड्रोजन सोडतात. मायक्रोवेव्हने हे वायू तापले की मिथेनमधला कार्बन सुटतो आणि चकतीवर थरावर थर चढत जातो. काही आठवड्यांत खडा तयार. खाणीतल्या हिऱ्याला जमिनीखाली दीडशे किलोमीटरच्या आसपास कोट्यवधी वर्षं काढावी लागली, आणि तिथून ज्वालामुखीने त्याला वर आणलं.

ओळख पटते ती बहुधा नायट्रोजनवरून. बहुतेक नैसर्गिक हिऱ्यांत तो असतो, अशा वायूतून वाढवलेल्यांत जवळजवळ नसतो. पण हे प्रयोगशाळेतली यंत्रं सांगतात. जुन्याजाणत्या जवाहिऱ्यालाही नुसत्या भिंगातून खात्रीने सांगता येत नाही.

(दृश्य: वांद्रे-कुर्ला संकुल, भारत डायमंड बोर्स.)

ऑपेरा हाउसचा हिरेबाजार 2010 मध्ये या इमारतींत हलू लागला. सुरतेत पैलू पाडलेले हिरे इथे कागदाच्या पुड्यांतून हातोहात फिरतात. काळजी वाटावी ती इथे, आणि तीही बारीक खड्यांची. मोठ्या खड्याला स्वतंत्र प्रमाणपत्र असतं, त्याच्या कडेवर लेझरने नंबर कोरलेला असतो. दहा पट भिंगातून तो वाचता येतो. आपल्या सात खड्यांच्या कुड्यांचं तसं नसतं. जोडीचे चौदा खडे आणि प्रमाणपत्र बहुधा अख्ख्या दागिन्याचं, एकच. नैसर्गिकच्या पुडीत लॅबचे चार खडे मिसळले, तर कोण शोधणार? म्हणून कुड्या घेताना बिलावर 'नैसर्गिक' किंवा 'लॅबग्रोन' असं स्पष्ट लिहून घ्यावं. दुकानदार कां-कूं करू लागला, तर दुकान बदलावं. मुंबईत सराफांना तोटा नाही.

आता मोडीचं. लॅबच्या हिऱ्याचे भाव वर्षागणिक घसरत गेले, कारण यंत्रं वाढली की माल वाढतो. डी बीअर्ससारख्या खाणवाल्या कंपनीनेही 2018 मध्ये वेगळा ब्रँड काढून कॅरेटला 800 डॉलर भावाने लॅबचे दागिने विकायला काढले आणि 2025 मध्ये तो ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. असा खडा परत घ्यायला अनेक दुकानं तयारच नसतात.

पण नैसर्गिकवाल्यांनीही फार ताठ मानेने फिरू नये. हिरा म्हणजे सोनं नव्हे. त्याचा रोजचा भाव पेपरात छापून येत नाही. 2022 नंतर नैसर्गिकचे भावही उतरलेत. मोडताना घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी पाण्यात जातो, खड्याची किंमत दुकानदार सांगेल ती. विक्रेता 'गुंतवणूक' म्हणू लागला, की परतीची अट बिलावर लिहून मागावी.

आमच्या मते, रोज बोटात मिरवायला मोठा एकच खडा हवा असेल, तर लॅबचा बिनधास्त घ्यावा, मोडीची आशा सोडून. कुड्यांचं गणित निराळं. खडे इतके बारीक की नैसर्गिक घेतले तरी एकूण किमतीतला फरक तितका डोळे फिरवणारा नसतो. आणि सुनेला, नातीला द्यायच्या म्हटल्यावर मोडायचा प्रश्न येतोच कुठे?

(दृश्य: काउंटर. मुलगी अंगठीचं बिल वाचतेय, आई दुसऱ्या ट्रेकडे बोट दाखवतेय.)

"दादा, त्या कुड्या दाखवा जरा. खडे कुठले आहेत ते आधी सांगा."