आधी तिथी, मग किनारा

(सोलापुरात शिक्षक आणि प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सोलापुरात उभं राहून समुद्राविषयी बोलायचं म्हणजे जरा धाडसच. आपल्याकडे पाणी म्हणजे हिप्परगा, नाहीतर सिद्धेश्वराचा तलाव. पण सहलीसाठी किनारा निवडताना जी वस्तू सगळ्यात आधी लागते, ती आपल्याच गावात छापली जाते. दाते पंचांग!

हे मला उशिरा कळलं. पहिल्यांदा मुलांना कोकणात नेलं तेव्हा मी एक नावाजलेला किनारा निवडला. शुभ्र वाळू, नारळाची झाडं, वर देवदर्शन. दिवस पौर्णिमेचा. रात्रभर बस हाकून, घाट उतरून अकरा वाजता पोचलो, तर पाणी थेट पायऱ्यांना लागलेलं. मुलांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, फोटो काढले. संध्याकाळी पाणी पुरतं ओसरलं तेव्हा आमची बस परतीचा घाट चढत होती. वहीत नोंद किती? एक मेलेला जेलीफिश.

जुने लोक सांगतात, तिथीची पाऊणपट करा, तितके वाजता पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे मी मुलांना बरोबर भरतीच्या टोकावर नेऊन उभं केलं होतं! हा हिशोब मुंबईच्या बाजूचा. रत्नागिरीकडे भरती थोडी आधी येते. नेमकी वेळ आणि पाण्याची उंची भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहायची. एकाच दिवसाच्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात, म्हणून वेळेइतकीच उंची पाहा. पण सुट्ट्यांची यादी समोर ठेवून तारीख ठरवायला तोंडी हिशोब पुरतो.

आता एक मेख आहे. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी भर दुपारी बाराला. शाळेच्या दृष्टीने किती सोयीची वेळ! पण अष्टमीचं पाणी भांगाचं. ते धड चढत नाही, धड उतरत नाही. पाहण्यासारखे खडक बुडालेलेच राहतात. उलट अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप मागे जातं, पण पहाटे पाचच्या सुमाराला, अंधारात. मग करायचं काय? ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. द्वितीया-तृतीयेला ती सकाळी सात-आठवर येते आणि उधाणाचा जोरही टिकून असतो. माझ्या सहली आता द्वितीया किंवा तृतीयेलाच निघतात. घरचे विचारतात, मुहूर्त काढलात का? हो, काढलाय!

तिथी ठरली की जागा. देखणा किनारा बहुतेक वेळा आपल्या कामाचा नसतो. लाटांनी सतत हलणाऱ्या वाळूत प्राणी पुरून घेऊन राहतात. वर दिसतात त्या वाळूच्या बारीक गोळ्यांच्या नक्ष्या. त्या खेकड्यांनी वाळूतलं अन्न चाटून टाकलेल्या गोळ्या असतात. त्या बघाच, पण अर्ध्या तासात ते बघून होतं. खरी वस्ती खडकात. गुळगुळीत सपाट कातळही नको. भेगा हव्यात, पाणी साचणारे खळगे हवेत, आणि हाताने उचलता येतील असे सुटे दगड हवेत.

असा एक दगड हळूच उलटा. वरच्या अंगाला शेवाळ, खालच्या अंगाला केशरी स्पंज. तळव्याएवढ्या जागेत एखादा चपटा खेकडा आडवा पळतो, भेगेतून सापतारा (ताऱ्यासारखे लांब हात असलेला प्राणी, ब्रिटल स्टार) आपला वळवळता हात बाहेर काढतो, कुणीतरी चिकटवलेली अंडी दिसतात. दोन मिनिटं बघायचं आणि दगड होता तसाच ठेवायचा. उलटा राहिला तर शेवाळ अंधारात मरतं आणि स्पंज उन्हात. मी गुण यालाच देतो, वहीतल्या चित्रांना नाही.

दगड ओळखण्यात आपण मात्र कच्चे नाही. हरिहरेश्वरचा काळा कातळ आणि आपल्या विहिरींतला दगड एकाच दख्खनी लाव्ह्याचे. तिथे लाटांनी पोखरलेली मधाच्या पोळ्यासारखी जाळी बघण्यासारखी आहे, पण जागा उघड्या समुद्रावर. चाळीस मुलं घेऊन मी खाली उतरणार नाही. मालवणचं नाव सगळे घेतात. तिथली मजा पाण्याखाली आहे. मुंबईला उधाणाचं पाणी चार मीटरच्या आसपास वरखाली होतं, मालवणकडे सुमारे निम्मंच. त्यामुळे उघडी पडणारी पट्टी अरुंद.

सोलापूरकरांसाठी माझं मत रत्नागिरीला. सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट, सरळ रस्ता. सकाळी खडक, नंतर काजळी नदीच्या मुखाशी भाट्याची खाडी. तिथल्या चिखलात निवट्या उड्या मारताना दिसतात. मासा जमिनीवर चालतो हे पुस्तकात वाचणं वेगळं! दुपारी उन्हातून सुटका हवी असेल तर झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे, देवमाशाचा सांगाडाही आहे.

वेळेबद्दल एकच. ओहोटीच्या टोकाच्या दीड तास आधी उतरा, पाणी जाईल तसं मागे मागे जा, आणि टोक आलं की परत फिरा. पाणी चढताना पहिल्या तासात आळशी वाटतं. निम्मी भरती तिसऱ्या-चौथ्या तासात येते. पुढे गेलेल्या खडकामागची घळ आधी भरते, हे उभ्या माणसाला कळत नाही. म्हणून एक शिक्षक पाठ समुद्राकडे न करता फक्त पाणी बघत उभा राहतो. त्याला प्राणी दिसत नाहीत. आमच्याकडे त्यासाठी चिठ्ठ्या टाकतात, आणि गेल्या तीन सहलींत ती चिठ्ठी माझीच निघाली आहे.